ब्रेक लागण्याआधीचे तेहतीस मीटर

तवंदी घाटात अपघात झाला की निपाणीत हमखास ऐकू येतं, "चालवणारा कच्चा असणार, पाय वेळेत ब्रेकवर गेला नाही." पण हा वेळ मुख्यतः पायात जात नाही. समोर दिसलं ते काय आहे हे ओळखण्यात आणि काय करायचं ते ठरवण्यात तो जातो.

दिवा लागताच बटण दाबायचं, एवढंच काम असेल तर तरुण माणसाला पाव सेकंद पुरतो. रस्त्यावर हा आकडा विसरावा. पुढची गाडी थांबणार याची अटकळ असेल तर सुमारे पाऊण सेकंद लागतो. ध्यानीमनी नसताना काही आडवं आलं तर दीड सेकंद, कधी त्याहूनही जास्त. ताशी 80 किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. म्हणजे दीड सेकंदात, ब्रेक लागण्याआधीच, 33 मीटर संपले. इंडियन रोड्स काँग्रेस रस्त्याची आखणी करताना यासाठी अडीच सेकंद धरते, म्हणजे 55 मीटर. उतारावर ब्रेक लागल्यानंतरचं अंतरही वाढतं.

ब्लूटूथवर बोललं तर चालतं, हाही गैरसमजच. हात मोकळे राहतात, लक्ष मात्र गुंतलेलं असतं. दारूचंही तसंच: कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण मंदपणा त्याआधीच सुरू होतो.

"धडक होताना सगळं सावकाश दिसत होतं," असं अपघातातून वाचलेले सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. मात्र 2007 साली अमेरिकेत माणसांना उंचावरून जाळीत सोडून तपासलं, तेव्हा पडण्याचा वेळ त्यांना लांबल्यासारखा वाटला, तरी डोळ्यांना नेहमीपेक्षा जलद काही टिपता आलं नाही. लांबते ती आठवण. संकटात जादा वेळ कुणालाच मिळत नाही.

म्हणून गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉलीची मला जास्त काळजी वाटते. पुणे-बंगळूर महामार्गावर रात्री उसाचे वाढे मागे लोंबतात, दिवा आणि रिफ्लेक्टर त्यांआड जातात. मागच्याला दिसतो तो नुसता काळा ढीग. तो चालतोय की उभा आहे, हे लांबून कळत नाही. ढीग मोठा होत जातो तेव्हाच वेग उमगतो, आणि तोवर अंतर उरलेलं नसतं. रिफ्लेक्टरमुळे चालक चपळ होत नाही, पण ट्रॉली त्याला कितीतरी आधी दिसते. शेतातून निघताना वाढे छाटून रिफ्लेक्टरची पट्टी मोकळी करायला पाच मिनिटं लागतात. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. पट्टी नसेल तर तिथेच लावून द्यावी.