पोटमाळ्याचे रूपांतर

पोटमाळ्याचे रूपांतर म्हणजे जुन्या घरात छपराखाली साठवणीसाठी केलेली कमी उंचीची जागा बसण्या-झोपण्यायोग्य करणे. महाराष्ट्र व गोव्यातील अनेक कौलारू घरांत तुळयांवर लाकडी तक्तपोशी टाकून असा माळा केलेला आढळतो.

उंची

उपलब्ध उंची छपराच्या उतारावर अवलंबून असते. ६ मीटर रुंद घराच्या ३० अंश उताराच्या छपराचे वासे थेट माळ्याच्या पातळीपासून सुरू होत असतील, तर आढ्याखाली सुमारे १.७ मीटर उंची मिळते. बाजूच्या भिंती माळ्याच्या वर ०.६ मीटर चढविलेल्या असल्यास ती सुमारे २.३ मीटर होते. तरीही २ मीटरहून अधिक उंचीचा मधला पट्टा जेमतेम १.१५ मीटर रुंद असतो. म्हणून वाट आढ्याखाली, अंथरूण व बैठे मेज उताराखाली आणि कपाटे कडेला ठेवणे सोयीचे ठरते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उतरत्या छपराच्या राहत्या खोलीची सरासरी उंची किमान २.७५ मीटर असावी लागते. त्यामुळे बहुतेक पोटमाळे या निकषात बसत नाहीत.

सांगाडा व भार

भारतीय मानकांत निवासी खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलोग्रॅम) चल भार गृहीत धरतात. जुन्या तुळया तो पेलतील की नाही हे आधी तपासावे लागते. भिंतीत गाडलेली तुळईची टोके ओल व वाळवीमुळे आतून पोखरलेली असू शकतात.

डोक्याला लागते म्हणून कैचीची तळची आडवी तुळई कापणे धोक्याचे असते. वासे भिंतींना बाहेरच्या बाजूस रेटतात आणि ही तुळई तो रेटा बांधून ठेवते. ती काढल्यास भिंती कलून छप्पर खचू शकते.

उष्णता व पाऊस

उन्हाने तापलेल्या कौलांची उष्णता थेट माळ्यावर उतरते. कौलांखाली फळ्यांचे आच्छादन करताना मध्ये हवा खेळती राहील अशी पोकळी ठेवल्यास ती कमी होते. उजेडासाठी काचेची कौले बसवितात. मात्र आच्छादनामुळे गळती झाकली जाऊन वासे नकळत कुजतात. म्हणून काही फळ्या काढता येण्याजोग्या ठेवून पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीच्या वेळी वाशांची पाहणी करणे आवश्यक असते.