सारबानांच्या वाटेने : ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडांनी ऑस्ट्रेलियात सव्वादोन हजार किलोमीटरचा प्रवास गाडीने केला. दक्षिण किनाऱ्यावरच्या ॲडलेडपासून खंडाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत. धाकटा भाऊ अकरा वर्षांपासून ॲडलेडला आहे. तिथल्या मुलांच्या शाळा मे महिन्यात चालू असतात, म्हणून भावजय मुलांजवळ राहिली आणि म्हणाली, "आपा, तुम्ही दोघंच जा. लग्नं झाल्यापासून तुम्ही दोघं निवांत बोलला आहात का कधी?" बोललो नव्हतो, हे खरंच.

मे म्हणजे तिथला हिवाळ्याचा उंबरठा. वाळवंटात जायचं तर हेच दिवस बरे. दुपारी स्वेटर काढावा लागतो, रात्री दोन पांघरुणं लागतात. डिसेंबर-जानेवारीत तिथला उन्हाळा जीव घेतो. ॲडलेडची वेळ या दिवसांत आपल्यापेक्षा बरोबर चार तास पुढे असते, त्यामुळे अम्मीला फोन करताना हिशेब सोपा जायचा.

ॲडलेड आखीव शहर आहे. मध्ये चौकोनी गाव आणि त्याच्या चारही बाजूंना बागांचा पट्टा. कर्नल विल्यम लाइट यांनी १८३७ साली ही आखणी केली. शहराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात लिटल गिल्बर्ट स्ट्रीट नावाची गल्ली आहे. तिथे दगडी भिंतींची, चार मिनारांची एक मशीद आहे. १८८८-८९ मध्ये ती बांधली गेली, मिनार १९०३ मध्ये चढले. ऑस्ट्रेलियातल्या शहरांमधली आज उभी असलेली ही सर्वांत जुनी मशीद. बांधणारे होते उंटवाले. आपल्या उर्दूत त्यांना सारबान म्हणतात.

ही हकिगत आपल्या घरांमध्ये फारशी कोणाला माहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात पाणी नाही. इंग्रजांचे घोडे आणि बैल तिथे टिकेनात. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट जहाजाने मेलबर्नला नेले, सोबत त्यांना सांभाळणारी माणसं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, हे लक्षात घ्यावं. त्या माणसांत दोस्त मुहम्मद होता. पुढे उंटाने चावा घेतल्याने त्याचा हात निकामी झाला. घरी परतणं त्याच्या नशिबी नव्हतं. मेनिंडी गावाजवळ त्याची कबर आहे. त्याच मोहिमेत सामला नावाचा एक हिंदू होता. शिध्यात गोमांस होतं, म्हणून थोड्याच दिवसांत त्याने रजा मागितली आणि तो माघारी फिरला. गाडीच्या मागच्या सीटवर आमचा अंडी, भाकरी, लसणीची चटणी आणि हलाल दुकानातून घेतलेल्या खिम्याचा डबा होता. तो उघडताना आम्हाला या सामलाची आठवण हमखास यायची.

पुढे १८६६ च्या सुमारास थॉमस एल्डर या धनिकाने शंभराहून जास्त उंट आणि एकतीस माणसं आणली. मग रीघच लागली. १८६० पासून १९३० पर्यंत दोन ते चार हजार माणसं गेली असावीत असं मानतात. पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी. पण गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं, 'अफगाण'. त्यांनी लोकर वाहिली, पीठ वाहिलं, खाणीवर पाणी पोचवलं, तारखात्याचं आणि रेल्वेचं सामान नेलं. मोठा नर उंट पाच-सहाशे किलो ओझं उचलतो. करार बहुधा तीन वर्षांचा असायचा. बायकांना सोबत आणू दिलं जात नव्हतं.

आम्ही त्या मशिदीत असरची नमाज पढलो. कामाला जीव लागलेले लोक धावत आले, पढले आणि गेले. अंगणात भाऊ म्हणाला, "आपा, इथे शेवटी शेवटी फक्त म्हातारे उरले होते. बाजूच्या खोल्यांत राहायचे. कोणाला घर नाही, कोणाला बायको-मुलं नाहीत." दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्नियाचे मुसलमान निर्वासित ॲडलेडला आले, तेव्हा त्यांना इथे अशी मोजकी वयोवृद्ध माणसं भेटली. भाऊ हे ज्या आवाजात बोलला, तो आवाज आम्ही ओळखतो. लहानपणी काही फोडलं की तो असाच हळू बोलायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पोर्ट ऑगस्टा मागे पडलं की हिरवळ विरळ होते. मग लाल माती, खुरटी झुडपं आणि आभाळ. तिन्हीसांजेला गाडी चालवायची नाही हा तिथला नियम, कारण कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून मगरिबच्या आत मारी गावाला पोचायचं ठरवलं होतं आणि पोचलोही.

मारी हे शंभरेक माणसांचं गाव असेल-नसेल. १८८४ मध्ये इथे रेल्वे आली, आणि इथून पुढे उत्तरेकडचा सगळा माल उंटांवर जायचा. रुळांनी गावाचे दोन भाग केले होते. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला अफगाण आणि मूळ निवासी. कबरस्तानातही तीन वेगळे विभाग. घरून बायका आणता येत नसल्याने काहींनी इथल्या मूळ निवासी बायकांशी, काहींनी गोऱ्या बायकांशी निकाह केले. खान आडनावाचे त्यांचे वंशज या भागात आजही आहेत. त्यांनी लावलेली खजुराची झाडं अजून उभी आहेत. जुन्या मातीच्या मशिदीची आठवण म्हणून लोकांनी एक प्रतिकृती उभी केली आहे. लाकडी खांब आणि वर छप्पर, एवढंच. आपल्याकडे शेतावर मांडव असतो तसा. पण वुजूसाठी पाण्याची जागा ठेवायला विसरले नाहीत.

कबरस्तानात वारा फार होता. कबरी किबल्याच्या रोखाने आहेत. ॲडलेडला किंवा मारीला किबला कुठे, तर पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला. रत्नागिरीलाही तोच! फरक एवढाच की तिथे सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, त्यामुळे जोहरला उभं राहिलं की ऊन उजव्या गालावर येतं. वाळवंटात खरोखर परकं काही वाटलं असेल तर ते हे ऊन.

आता भाषा शिकवणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने कायदा केला : येणाऱ्याची श्रुतलेखनाची परीक्षा घ्यायची. पन्नास शब्द, आणि भाषा कोणतीही युरोपीय, निवड अधिकाऱ्याची. म्हणजे इंग्रजी येणाऱ्याला दुसऱ्याच एखाद्या भाषेत लिहायला सांगून नापास करायचं. रंगाचं नाव न घेता गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवायची ही युक्ती होती. सुट्टीवर घरी जाऊन परत यायचं असेल तर आधी माफीचा दाखला काढावा लागे, त्यावर फोटो आणि हाताचा ठसा. असे हजारो दाखले तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती. आम्ही वर्गात श्रुतलेखन घालतो ते मुलाला पुढे नेण्यासाठी. त्याचं कुलूप करणाऱ्यांबद्दल आमच्या मनात राग आहे, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

मग लॉऱ्या आल्या. १९२९ मध्ये रेल्वे ॲलिस स्प्रिंग्जला पोचली. जिचं सामान या लोकांनी वाहिलं, तिनेच त्यांचं काम संपवलं. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात मोकाट उंट मारण्याचा कायदा झाला. पुष्कळ सारबानांनी आपल्या हाताने वाढवलेली जनावरं मारली नाहीत, वाळवंटात सोडून दिली. आजचे रानटी उंट त्यांचीच औलाद. आम्हाला रस्त्यात पाच दिसले. भावाने गाडी थांबवली, उंटांनी आमच्याकडे बघितलं आणि चरायला लागले.

मारीपासून विल्यम क्रीकपर्यंत दोनशे किलोमीटर कच्चा रस्ता. डाव्या हाताला जुन्या रेल्वेचे पूल, उजवीकडे कटी थांडा नावाचं खाऱ्या पाण्याचं अफाट तळं, बहुतेक कोरडं. जमिनीतून आपोआप वर येणारे झरे मधेमधे आहेत. तारेची लाइन, रेल्वे, उंटांचे तांडे, सगळे त्या झऱ्यांच्या मागाने गेले. आणि त्याआधी हजारो वर्षं मूळ निवासी. फोनला रेंज नाही. दोन माणसं, सात-आठ तास, समोर सरळ रस्ता. आमचं बोलणं इथे झालं.

भाऊ वृद्धाश्रमात परिचारक आहे. रोज सकाळी सहा-सात म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. तो म्हणाला, "आपा, परक्यांच्या आयांची नखं कापतो मी. अम्मीची कोण कापतं?" आम्ही सांगितलं, "शनिवारी गावी गेलो की आम्ही कापतो. मधल्या दिवसांत शेजारची फातिमाची मुलगी बघते." बराच वेळ तो गाडीच चालवत राहिला. मग त्याने सांगितलं की नागरिकत्वाचा अर्ज सहा महिने कपाटात पडून आहे. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. अर्ज मंजूर झाला की भारताचा पासपोर्ट परत करायचा. अम्मीला कसं सांगायचं?

आमच्या कोकणात हे नवीन नाही. आजोबा जहाजावर खलाशी होते, चुलते कुवेतला. प्रत्येक वाडीत अशी घरं आहेत जिथे बापाची ओळख मनिऑर्डरवरून होती. दादीने आयुष्यातले दिवस मोजले ते दादा घरी असण्याचे आणि नसण्याचे. आणि अब्बांच्या मय्यतीला भाऊ दोन दिवस उशिरा पोचला, खांदा देता आला नाही. हे तो कधी बोलत नाही. आम्ही म्हटलं, "अम्मी पासपोर्टचा रंग कधी विचारत नाही. ती विचारते, कधी येतोस. त्याला तू चार वर्षं 'बघू' म्हणतोयस." जरा कडक बोललो. पण शिक्षकाची जात, आणि वर थोरली बहीण.

"दोस्त मुहम्मदला विमान नव्हतं," एवढंच तो म्हणाला.

त्या रात्री कूबर पीडीला राहिलो. ओपल खड्यांचं गाव. १९१५ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला इथे पहिला खडा सापडला. उन्हाळ्यापासून बचाव म्हणून लोक डोंगराच्या पोटात घरं खोदून राहतात. आमची खोलीही जमिनीखाली होती. खिडकी नाही, त्यामुळे फजर झाली की नाही ते फक्त मोबाइलने कळलं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी इथे एक दिवस जास्त ठेवावा. खाण बघायला मिळते आणि उघडे खड्डे फार असल्याने मुलांचा हात सोडायचा नाही.

उलुरूबद्दल सगळे लिहितात, आम्ही थोडक्यात लिहितो. ३४८ मीटर उंच, सव्वानऊ किलोमीटरहून जास्त घेर, एकच खडक. संध्याकाळी तो भाजलेल्या विटेसारखा होतो, मग जांभळा, मग काळा. सुबहानल्लाह याखेरीज तोंडातून काही निघालं नाही. अनंगू लोकांसाठी ही पवित्र जागा आहे. १९८५ मध्ये जमीन त्यांना परत मिळाली. वर चढू नका अशी विनंती ते वर्षानुवर्षं करत होते. तरी लोक चढायचे. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणं कायमचं बंद झालं. काही भागांत फोटोलाही मनाई आहे. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळात आपण चपला घालून जात नाही, तसंच हे. आम्ही पायथ्याची दहा किलोमीटरची फेरी चालत केली. गुडघ्यांनी नंतर तक्रार केली, पण एका कोपऱ्यात खडकाच्या सावलीत पाण्याचं कुंड आहे, तिथे बसल्यावर ती विसरलो.

शेवटचा मुक्काम ॲलिस स्प्रिंग्ज. या गावातल्या एका वस्तीचं नाव सदादीन आहे, चार्ल्स सदादीन या सारबानावरून. ॲडलेडहून डार्विनला जाणारी २९७९ किलोमीटरची आगगाडी 'द घॅन' म्हणवते. 'अफगाण'मधलं नुसतं शेपूट उरलं आहे. सदादीनमध्ये आम्ही दूध आणि पाव घ्यायला थांबलो. पाटी वाचून भावाने तिचा फोटो काढला आणि अम्मीला पाठवला. अम्मीला वाचता येत नाही, म्हणून फोन करून सांगितला. फोनवरच त्याने अर्जाचंही सांगून टाकलं. अम्मी जरा थांबली. मग विचारलं, "म्हणजे यायला व्हिसा लागेल तुला?" त्याने समजावलं की ओसीआय कार्ड मिळतं, मग आयुष्यभर येता येतं. "मग ये," ती म्हणाली.

डिसेंबरात तिथल्या शाळांना मोठी सुट्टी असते. ॲलिसच्या विमानतळावर बसून भावाने चौघांची मुंबईची तिकिटं काढली, सहा आठवड्यांची. पोरांना उर्दू कायदा आणि मराठी बाराखडी आम्ही शिकवायची, असं ठरलं आहे. अम्मीने अंगणातला गुरांचा गोठा साफ करून खोली करायला घेतली आहे. कौलांचे पैसे मात्र भावाकडून मागवून घेतले.