समासात बसलेले वाचक

१९७० साली एडिनबरोच्या रॉयल ऑब्झर्वेटरीच्या ग्रंथालयात ओवेन गिंगरिच नावाचे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एक जुनं पुस्तक चाळत होते. पुस्तक साधंसुधं नव्हतं. निकोलस कोपर्निकसचं 'दे रेव्होल्युशनिबस', १५४३ ची पहिली आवृत्ती, छपाई न्यूरेंबर्गची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे गणितासकट मांडणारा ग्रंथ. त्याच्याबद्दल तेव्हा एक मत चांगलंच रूढ झालेलं होतं. लेखक आर्थर कोस्लरने १९५९ च्या 'द स्लीपवॉकर्स'मध्ये बेधडक लिहून टाकलं होतं, की हे पुस्तक कोणी वाचलंच नाही. चारशेच्या आसपास पानं, लॅटिन भाषा, कोष्टकांमागून कोष्टकं. कोण वाचणार? ऐकणाऱ्याला पटावं असंच ते होतं.

पण समोरच्या प्रतीत पहिल्यापासून शेवटापर्यंत समास शाईने भरलेले होते. कुणीतरी हे पुस्तक नुसतं वाचलं नव्हतं, कोळून प्यायलं होतं. बांधणीवर तीन आद्याक्षरं उमटवलेली होती, ई, आर, एस. त्यांच्या आणि हस्ताक्षराच्या आधारे माणूस सापडला : विटेनबर्गचा गणिताचा प्राध्यापक इरॅस्मस राइनहोल्ड, त्या काळातला अव्वल खगोलगणिती. गिंगरिच यांना वाटलं, कोस्लरचं म्हणणं तपासायचं तर एकच मार्ग आहे. जगात या पुस्तकाच्या जेवढ्या प्रती उरल्या आहेत तेवढ्या उघडून समास बघायचे.

तीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. १५४३ ची पहिली आणि १५६६ ची बाझेलची दुसरी, अशा दोन्ही आवृत्त्यांच्या मिळून सहाशेच्या आसपास प्रतींची नोंद त्यांनी केली. कुठली प्रत कुठे आहे, कुणाकुणाच्या हातून गेली, कुठल्या पानावर काय खरडलंय, सगळं टिपलं. ही जंत्री २००२ साली प्रसिद्ध झाली. या नोंदी इतक्या बारीक होत्या, की पुढे चोरीला गेलेल्या प्रती ओळखायलाही त्या कामी आल्या. कागदावरचे डाग आणि समासातल्या रेघा हा पुस्तकाच्या बोटांचा ठसाच म्हणायचा.

आणि दिसलं काय? पुस्तक युरोपभर वाचलं गेलं होतं. वाचणाऱ्यांमध्ये केप्लर होता, केप्लरचा गुरू मिखाएल मेस्टलिन होता, गॅलिलिओ होता. मेस्टलिनच्या प्रतीत तर बारीक अक्षरांची अशी गर्दी आहे, की छापील मजकूर मध्ये अंग चोरून बसल्यासारखा वाटतो.

मला यात सगळ्यात नवल वाटतं ते न लिहिलेल्या जागांचं. राइनहोल्डची प्रत पाहा. सूर्य मध्यभागी ठेवणारा जो पहिला भाग, ज्याच्यामुळे आज आपण कोपर्निकसचं नाव घेतो, तिथे त्याच्या नोंदी अगदी तुरळक आहेत. पुढच्या किचकट भागांमध्ये मात्र, ग्रहांच्या गती एकसारख्या वेगाच्या वर्तुळांमधून कशा बसवायच्या हा हिशेब जिथे सुरू होतो, तिथे त्याची लेखणी धावत सुटते. म्हणजे ज्या मताने जग हादरलं असं आपण शाळेत शिकलो, ते त्या पिढीच्या सर्वोत्तम वाचकाने फारसं मनावर घेतलंच नाही. त्याला हवं होतं ते गणित, आणि १५५१ साली त्याने कोपर्निकसच्याच पद्धतीवर ग्रहांची कोष्टकं बेतली. कुठलंही परीक्षण, कुठलंही पत्र हे इतक्या सरळपणे सांगत नाही. वाचक कुठे थांबला आणि कुठे पान उलटून पुढे गेला, हा त्याचा सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय.

या प्रतींमध्ये एक छोटी रहस्यकथाही आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला एक निनावी निवेदन होतं. आतलं सगळं हिशेबाच्या सोयीसाठी आहे, खरं मानायची गरज नाही, अशा अर्थाचं. कित्येकांनी ते कोपर्निकसचंच समजलं. केप्लरच्या हाती आलेली प्रत मात्र आधी न्यूरेंबर्गच्या एका विद्वानाला खुद्द मुद्रकाकडून भेट मिळालेली होती, आणि त्या माणसाने निवेदनाच्या डोक्यावर एक नाव लिहून ठेवलं होतं : ओसिआंडर. छपाईवर देखरेख करणाऱ्या या धर्मोपदेशकाने ते परस्पर घुसडलं होतं. केप्लरने १६०९ मध्ये आपल्या ग्रंथात हे बिंग जाहीरपणे फोडलं. शाईचा एक शब्द, आणि साठ-पासष्ट वर्षांचा गैरसमज उघडा पडला.

दुसरी कथा खुद्द गिंगरिच यांची. व्हॅटिकनच्या एका प्रतीतल्या टिपा त्यांनी डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या ठरवल्या होत्या. टायकोने पुढे जी ग्रहमाला मांडली (ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य त्यांना घेऊन पृथ्वीभोवती) तिच्या दिशेने जाणाऱ्या आकृत्या तिथे होत्या. मग तसल्याच टिपांच्या आणखी प्रती सापडत गेल्या आणि अक्षर टायकोचं नसून ब्रेसलाऊच्या पाउल विटिशचं निघालं. हा विटिश टायकोच्या वेधशाळेच्या बेटावर जाऊन राहिलेला. स्वतःच्या नावावर त्याने काही छापलं नाही. तो वारल्यावर त्याची पुस्तकं मिळवण्यासाठी टायकोने खटपट केली. का केली असेल, हे वाचकाने ठरवावं. एका माणसाची आख्खी बुद्धिमत्ता दुसऱ्याच्या पुस्तकाच्या कडेला शिल्लक राहिली, एवढं नक्की.

गॅलिलिओची प्रत फ्लॉरेन्सला आहे. रोमच्या धर्मसत्तेने १६१६ मध्ये हे पुस्तक 'दुरुस्तीपर्यंत स्थगित' केलं आणि १६२० मध्ये कुठल्या ओळी खोडायच्या त्याची यादी काढली. इटलीतल्या निम्म्याहून अधिक प्रतींत हुकमाप्रमाणे खाडाखोड आहे; इटलीबाहेर जवळजवळ कोणीच ते मनावर घेतलं नाही. गॅलिलिओनेही खोडलं, पण इतक्या हलक्या हाताने की खालचं प्रत्येक अक्षर वाचता येतं. हुकूम पाळला आणि पाळलाही नाही.

समासाची एवढी महती कळली की बाकीच्या पुस्तकांकडे बघायची नजरच बदलते. पिएर द फर्माने डायोफँटसच्या 'अरिथमेटिका'च्या कडेला एक विधान लिहिलं आणि पुढे जोडलं की सिद्धता सुंदर आहे, पण इथे जागा पुरत नाही. त्याच्या मुलाने १६७० मध्ये वडिलांच्या टिपांसकट पुस्तक छापलं म्हणून ते वाचलं. मूळ प्रत केव्हाच गहाळ झाली. त्या विधानाची सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांना १९९४ साली जमली, आणि तिला शंभरावर पानं लागली. न्यूटन समासात लिहायचाच, शिवाय पानाचा कोपरा असा दुमडायचा की त्याचं टोक नेमकं हव्या त्या शब्दावर टेकावं. दुमड पुन्हा उलगडली तरी घडी राहते, आणि ती पुन्हा घातली की न्यूटनचं बोट तीन शतकांनंतरही त्या शब्दावर येऊन थांबतं. डार्विन तर जाडजूड पुस्तक हातात धरायला जड जातं म्हणून सरळ मधून फाडून दोन भाग करायचा. ग्रंथप्रेमींनी कानावर हात ठेवावेत.

इंग्रज कवी कोलरिजची तऱ्हा वेगळी. त्याचे मित्र आपली पुस्तकं मुद्दाम त्याला वाचायला देत. परत येताना ती त्याच्या टिपांनी तिप्पट मोलाची होऊन येतात, असं चार्ल्स लँबने कौतुकाने लिहून ठेवलंय. त्या टिपांचेच पुढे सहा खंड झाले. पण खरं सांगायचं तर कोलरिजच्या टिपांवर माझा विश्वास थोडा कमी आहे. आपलं लिहिलेलं मित्र वाचणार हे त्याला माहीत होतं, म्हणजे तो एकांत नव्हेच. त्याच्यापेक्षा कवी-चित्रकार विल्यम ब्लेक बरा. जोशुआ रेनॉल्ड्सच्या कलाविषयक व्याख्यानांच्या पुस्तकात त्याने पहिल्या पानापासून जे तोंडसुख घेतलंय, त्यात कुणाची भीडमुर्वत नाही.

हे सगळं साहेबाकडचंच आहे असं समजू नये. आपल्याकडे पोथीत समासाला रीतसर स्थान होतं. मूळ मजकूर मध्ये ठळक अक्षरात आणि टीका त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात, अशी त्रिपाठ पोथी. टीका डाव्या-उजव्या समासातही गेली की पंचपाठ. अक्षर गळलं असेल तर ओळीत काकपदाची खूण करून ते समासात लिहायचं, चुकलं असेल तर हरताळ फासून झाकायचं. अडचण पुढे सुरू व्हायची. एखाद्या वाचकाने आपली समजूत समासात लिहिली, आणि ती पोथी उतरवून घेणाऱ्या लेखकाने हे गळलेलंच वाक्य असणार असं धरून ते ओळीत घेतलं, की वाचकाचं मत ग्रंथ होऊन बसलं. तिथून पुढच्या प्रत्येक नकलेत ते मुळाच्याच रुबाबात वावरणार.

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणाने. पाठ बिघडत चालले होते, लोक आपल्या पदरच्या ओव्या मिसळत होते. पोथीच्या शेवटी त्यांनी अशा हौशी मंडळींना चांगलंच खडसावलं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तेव्हा देशभरातल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांचे पाठ पडताळून पाहावे लागले. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथीत एखादा श्लोक नाही, मलयाळम पोथीतही नाही, मधल्या प्रदेशात मात्र आहे, असं दिसलं की संपादक सावध व्हायचे. दोन टोकांच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या पोथ्या ज्याच्यावर एकमत आहेत ते बहुधा जुनं. बाकीचं कुणीतरी मागाहून घातलेलं. असे हजारो श्लोक त्यांनी पानाच्या तळाला आणि परिशिष्टांत काढून ठेवले. फेकले मात्र नाहीत, आणि हा फार मोठा शहाणपणा. ज्या पिढ्यांनी ते घातले त्यांना महाभारतात काय कमी वाटत होतं, ते तिथेच तर कळतं.

आता जवळचं उदाहरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. ड्यूईंचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' १९१६ साली निघालं. बाबासाहेबांची त्याची प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या संग्रहात आहे, आणि तिच्यात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. अभ्यासकांनी ती प्रत आणि बाबासाहेबांचे ग्रंथ शेजारी ठेवून वाचले. ड्यूईंनी जीवशास्त्रातून उचललेली एक कल्पना तिथे आहे, 'सोशल एन्डॉस्मोसिस'. पेशीच्या पडद्यातून द्रव जसा आत झिरपतो, तसे समाजातल्या थरांमधून अनुभव आणि विचार इकडून तिकडे झिरपत राहिले पाहिजेत, नाहीतर मोजके लोक मालक होतात आणि बाकीचे दास. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराची बाजू मांडताना बाबासाहेबांनी हीच कल्पना वापरली, १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ती पुन्हा आली. पण न्यूयॉर्कच्या प्राध्यापकाच्या मनातला समाज वेगळा होता. तोच शब्द जातीच्या भिंतींसमोर उभा केल्यावर त्याला जी धार आली, ती ड्यूईंच्या पुस्तकात नाही. पेन्सिलीची रेघ आणि निवेदनातलं वाक्य यांच्यामध्ये एक माणूस विचार करताना जवळजवळ दिसतो.

सगळेच वाचक इतके थोर नसतात. लंडनच्या इस्लिंग्टन वाचनालयात जो ऑर्टन आणि केनेथ हॅलिवेल हे दोघे मित्र पुस्तकं घरी नेऊन त्यांच्या मुखपृष्ठांवर भलतीच चित्रं चिकटवायचे, आतल्या घडीवर चावट मजकूर टंकून लावायचे, आणि पुस्तक गुपचूप फळीवर परत ठेवून कोण उचलतंय ते पाहत उभे राहायचे. १९६२ मध्ये दोघांना सहा महिन्यांची कैद झाली. पुढे ऑर्टन नामांकित नाटककार झाला आणि ती विद्रूप केलेली मुखपृष्ठं आज त्याच इस्लिंग्टनचा जपून ठेवलेला ठेवा आहे.

आपल्या वाचनालयांतही अशी मंडळी काही कमी नाहीत. रहस्यकथेच्या तिसऱ्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारा विघ्नसंतोषी, कादंबरीतल्या नायिकेला 'अगं, याच्या नादी लागू नकोस' असं पेन्सिलीने बजावणारी बाई, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात 'तुम्हाला काय करायचंय?' असं विचारणारा तिसराच कुणी. ग्रंथपाल वैतागतात आणि त्यांचं बरोबरच आहे. दहा जणांच्या पुस्तकावर आपली शाई उमटवायचा हक्क कुणाला नाही.

पण स्वतःच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. तिथे मऊ पेन्सिल घ्या, पटलं तिथे रेघ मारा, नाही पटलं तिथे भांडा, आणि पहिल्या पानावर नाव, गाव, तारीख घाला. तारखेशिवाय टीप अर्धीच. घरातल्या आजोबा-आजीची पुस्तकं रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी मात्र एकेक उघडून समास बघा, आणि कुणाचं अक्षर आहे ते ओळखणारं माणूस घरात असेल तर त्याला आजच विचारून घ्या.