नौकेवरील दुर्बीण : कवचावरील अक्षरांचे वाचन

'दुर्बीण' या शब्दातील 'दुर्' हा संस्कृत उपसर्ग नव्हे. फारसीतील 'दूर' आणि 'पाहणारा' या अर्थाचा 'बीन' यांच्या समासातून तो मराठीत आला. आद्य स्वर ऱ्हस्व झाल्यामुळे 'दुर्गम', 'दुर्लभ' यांच्या पंक्तीत बसल्याचा भास होतो, इतकेच. रूपावरून अर्थ काढण्यातील हा धोका दुर्बिणीच्या कवचावरील अक्षरांविषयीही संभवतो. आणि ज्यास मर्यादित पैशांत होडीवर वा मचव्यावर वापरण्याजोगी दुर्बीण घ्यावयाची आहे, त्यास तो महाग पडतो.

कवचावर प्रथम '7 × 50' किंवा '10 × 50' असे अंक आढळतात. पहिला अंक विवर्धनाचा. दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. ग्राहकाचे लक्ष स्वभावतःच पहिल्या अंकाकडे जाते. तथापि विवर्धन केवळ वस्तूचे होत नाही, हाताच्या कंपाचे व लाटेच्या हेलकाव्याचेही तितकेच होते. जमिनीवर दहापट विवर्धन सुखाने वापरणाऱ्यास होडीत बोयावरील क्रमांकही वाचता येत नाही. शिवाय पाण्यापासून डोळा दोन मीटर उंचीवर असल्यास क्षितिज सुमारे 5 किलोमीटरांवरच असते. त्यापलीकडील दीपगृहाचा माथा दिसेल, पण पाण्यालगतचा बोया कितीही विवर्धनाने दिसणार नाही. दुसऱ्या महायुद्धात अनेक आरमारांनी 7 × 50 हेच प्रमाण स्वीकारले होते, ते उगाच नव्हे.

दुसऱ्या अंकास पहिल्याने भागिले असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो : 7 × 50 मध्ये सुमारे 7 मिलिमीटर, 10 × 25 मध्ये अवघा अडीच. भर उजेडात बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते; म्हणून दुकानात हा भेद जाणवतच नाही. तो जाणवतो तिन्हीसांजेस, बंदरात शिरताना. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे 7 मिलिमीटरपर्यंत विस्तारते, वयोमानाने कमी. चाळिशी उलटलेल्या व मुख्यतः दिवसा वापर करणाऱ्या मनुष्यास हलकी 7 × 35 पुरते. मात्र रुंद झोतात डोळा हेलकाव्यातही टिकून राहतो, हा 7 × 50 चा लाभ उरतोच.

आता विशेषणे. 'कोटेड' म्हणजे निदान एखाद्या पृष्ठभागावर परावर्तनरोधक लेपाचा एक थर. 'फुली कोटेड' म्हणजे हवेशी संलग्न सर्व पृष्ठभागांवर एकेरी थर. 'मल्टी-कोटेड' हे ऐकण्यास भारदस्त, परंतु त्यात अनेक थर काही पृष्ठभागांवरच असतात. 'फुली मल्टी-कोटेड' यातच दोन्ही आश्वासने एकत्र येतात. येथे 'फुली' हे क्रियाविशेषण व्याप्ती सांगते, 'मल्टी' संख्या सांगते; एकाच्या जागी दुसरे वाचणारा फसतो.

'वॉटर रेझिस्टंट' आणि 'वॉटरप्रूफ' यांतील अंतर तर खाऱ्या पाण्यात निर्णायक ठरते. पहिल्याने शिंतोड्यांपलीकडे काही अपेक्षू नये. 'आयपीएक्स 7' असे चिन्ह असल्यास एक मीटर खोलीत अर्धा तास बुडविण्याची कसोटी अभिप्रेत असते. आत नायट्रोजन भरलेला असेल तर भिंगांवर आतून दव धरत नाही. काटकसर करावयाचीच तर ती येथे करू नये. विवर्धनात करावी, आणि लोलकांच्या रचनेत करावी. इग्नाझिओ पोरो याची, नळ्या रुंद अंतरावर ठेवणारी जुनी रचना सरळ नळीच्या दुर्बिणीहून बोजड असते, पण तेवढ्याच किमतीत सामान्यतः अधिक चांगले चित्र देते.

खरेदीपूर्वी दुर्बीण हातभर दूर, आकाशाकडे धरून नेत्रभिंगांतील प्रकाशाच्या तबकड्या पाहाव्यात. त्या स्वच्छ वर्तुळाकार हव्यात. कडा छाटल्यासारख्या करड्या दिसल्यास लोलकांची काच बहुधा हलकी आहे. नंतर दूरच्या छपराची आडवी कड पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब न्यावी. दोन नळ्यांतील रेषा एकाच पातळीत न राहता वरखाली सरकल्या, तर ती दुर्बीण, अंक व विशेषणे कोणतीही असोत, परत ठेवावी. अशा नळ्यांतून अर्धा तास पाहिले की डोके दुखू लागते, आणि होडीत त्यास समुद्र लागल्याचे समजले जाते.