गाडीच्या पोटाखालचे मीठ

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपले वाडवडील सांगत आले. मोटारीची गोष्ट उलटी आहे. तिथे मीठच लोखंडाला खाते.

अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतो. तो वितळावा म्हणून मीठ टाकतात, कारण खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. डेट्रॉइट शहराखाली तर मिठाची खाणच आहे. हे खारे पाणी चाकांनी उडून गाडीच्या तळाला चिकटते आणि गंज झपाट्याने वाढतो.

प्रश्न नुसत्या पत्र्याचा नाही. ब्रेकचे तेल नेणाऱ्या पोलादी नळ्याही तळाशीच असतात. नळी गंजून फुटली की ब्रेक ढिला पडतो. अमेरिकी सरकारच्या वाहनसुरक्षा खात्याने यासंबंधी चौकशी केली. २०१५ साली त्याने २००७ व त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना सल्ला दिला : नळ्या तपासून घ्या, आणि हिवाळ्यात तळ वरचेवर धुवा.

आपल्याकडे बर्फ नाही, पण समुद्र आहे. सुयाकच्या ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंत नाही. लाटा थेट कड्यावर आपटतात आणि खारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. म्हणून किनाऱ्यालगतच्या वाचकांना आमची विनंती आहे : गाडी जुनी असेल तर बागेची नळी अधूनमधून तिच्या तळाखालीही फिरवा. मडगार्डच्या आतला चिखल आधी काढा, कारण तोच खारी ओल धरून ठेवतो. दारांच्या खालची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवा. आणि वर्षातून एकदा मेकॅनिकला ब्रेकच्या नळ्या दाखवा.

वरचा रंग आपण सारेच चकचकीत ठेवतो. मुलाबाळांचा जीव मात्र खालच्या नळीवर असतो.