एचआयव्ही, कर्करोग आणि कंपालातले संशोधक

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. एचआयव्ही असलेल्या माणसांना होणारे कर्करोग, आणि त्यांवर संशोधन करणारी माणसं गरीब देशांत कशी तयार होतात. मी बहुतेक सगळं युगांडाबद्दलच बोलणार आहे, कारण या विषयातलं बरंवाईट दोन्ही तिथे कंपालातल्या मुलागो टेकडीवर घडलं आहे.

आधी थोडं शास्त्र. एचआयव्ही थेट गाठ तयार करत नाही. तो प्रतिकारशक्ती दुबळी करतो आणि मग शरीरात दबून बसलेल्या दुसऱ्या विषाणूंना रान मोकळं मिळतं. कापोसी सार्कोमा हा त्वचेवर जांभळट चट्टे आणणारा कर्करोग. त्याच्या मागचा नागीण कुळातला विषाणू 1994 साली सापडला. काही लिम्फोमांमागे एपस्टीन-बार विषाणू असतो आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये या शेवटच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एचआयव्हीची औषधं सुरू झाली की कापोसीचं प्रमाण घटतं, पण संपत नाही. आणि युगांडात कापोसी एचआयव्हीच्या आधीपासूनच होता.

आता मुलागोकडे वळू. 1957 साली तिथल्या रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश सर्जननं जबडा सुजलेली मुलं पाहिली आणि पुढच्या वर्षी त्या गाठींवर लेख लिहिला. 1961 मध्ये त्यांनी लंडनला व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टीन होते. त्यानंतर युगांडातल्या मुलांच्या गाठींचे तुकडे विमानानं लंडनला जाऊ लागले आणि 1964 मध्ये त्यांत विषाणू दिसला. माणसात कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू. शोध मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण बघा, रोगाला नाव बर्किटचं, विषाणूला नाव एपस्टीन आणि बार यांचं. ज्या देशातली मुलं होती, तिथल्या किती जणांच्या हाती त्यातलं कसब आलं?

काही जणांच्या आलं, आणि त्याचा उपयोग लवकरच दिसला. 1967 साली अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मकरेरे विद्यापीठ यांनी मुलागोत उपचार केंद्र काढलं. तेच पुढे युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट झालं. केमोथेरपीनं बर्किट लिम्फोमाची मुलं बरी होऊ लागली. मग इदी अमीनचा काळ आला. 1972 च्या सुमाराला अमेरिकन डॉक्टर निघून गेले. संस्था बंद पडली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्या डॉक्टरांनी ती चालवली. नुसती दारं उघडी ठेवली असं नाही, 1975 मध्ये त्यांच्या गटाचा यकृताच्या कर्करोगावरच्या एका औषधाचा अभ्यास अमेरिकन नियतकालिकात छापून आला. तोही अमीनच्या राजवटीत!

पण दोन-चार माणसांवर उभी असलेली गोष्ट किती टिकणार? पुढे यादवी झाली, पैसा आटला, जाणती माणसं पांगली. त्याच वेळी एड्सची लाट आली आणि कापोसीचे रुग्ण भराभर वाढले. म्हणजे ज्या टेकडीवर या रोगाचा अभ्यास करायची तयारी आधीच होती, तिथेच ऐन गरजेच्या वेळी हात कमी पडले. 2004 साली जॅक्सन ओरेम संस्थेचे प्रमुख झाले, तेव्हा अडीच कोटींहून जास्त लोकांच्या देशात ते एकटे कर्करोगतज्ज्ञ होते.

त्याच वर्षी सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राशी सहकार्य सुरू झालं. युगांडाचे डॉक्टर सिएटलला शिकून परत येऊ लागले आणि 2015 मध्ये कंपालात दोघांची मिळून नवी इमारत उघडली. फोटो इमारतीचे निघतात, पण माझ्या मते खरं काम माणसांचं झालं. प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला तीन दिवसांचं वर्कशॉप, कापडी पिशवी आणि प्रमाणपत्र आठवतं. त्यानं संशोधक होत नाही. त्याला वर्षं लागतात, आणि एकट्या डॉक्टरला शिकवूनही भागत नाही. बायोप्सी नीट घेणारा हवा, ती वाचणारा पॅथॉलॉजिस्ट हवा, नोंदी ठेवणारा हवा, रुग्णाला त्याच्या भाषेत संमतीपत्र समजावणारी नर्स हवी आणि अनुदानाचा हिशेब जाणणारा माणूसही हवा. हिशेबनीसाअभावी अडलेलं संशोधन हा विनोद वाटतो, पण नाही.

पॅथॉलॉजीचंच बघा. नुसत्या नजरेनं कापोसी ओळखायला गेलं तर चुका होतात. मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला, 2011 साली पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथले पॅथॉलॉजिस्ट अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर दूरसंवादानं अवघड स्लाइड्सवर चर्चा करू लागले. काचेची पट्टी मलावीतच राहते, बाहेर जातं ते चित्र. आणि निदान कसं करायचं ते शिकतो तिथला माणूस.

स्थानिक संशोधक असले की प्रश्नही बदलतात. श्रीमंत देशांत कापोसीसाठी डॉक्सोरुबिसिनचा एक महागडा प्रकार वापरतात. तो परवडत नसेल तर काय द्यायचं? हा प्रश्न बॉस्टनमध्ये कुणाला पडत नाही, कंपालात रोज पडतो. युगांडा, केनिया, मलावी, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील इथल्या केंद्रांनी एचआयव्हीच्या औषधांसोबत तीन स्वस्त पर्याय ताडून पाहिले. 2020 मध्ये निकाल छापला गेला : पॅक्लिटॅक्सेल सरस ठरलं.

आपल्याकडचं उदाहरणही देतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचं कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास केला. 2009 मध्ये दिसलं की एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनंही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटतात. हा अभ्यास एचआयव्हीबद्दल नव्हता, पण त्याचा उपयोग जगभर झाला.

श्रोत्यांचा प्रश्न : शिकलेली माणसं परदेशीच राहत नाहीत का?

राहतात काही, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पदवी मायदेशच्या विद्यापीठाची, काही महिने परदेशी प्रयोगशाळेत आणि प्रबंधाचे रुग्ण आपल्याच वॉर्डातले, अशी आखणी केली तर परतायला कारण उरतं. खरी अडचण परतल्यावर येते. सकाळपासून ओपीडीत बुडालेल्या डॉक्टरला संशोधनाला आठवड्यातला एक दिवसही मोकळा मिळत नाही. त्या दिवसाचा पगार कोण देणार, हे अनुदानाच्या कागदावर आधीच लिहून घ्यावं लागतं.