चार सेंटीमीटर सळीएवढा पाहुणा

जालन्याहून समुद्र सरळ रेषेत धरला तरी सव्वातीनशे किलोमीटर. म्हणून आम्ही पक्षी बघायला पैठणला, नाथसागरावर जातो. १९७६ साली लोकार्पण झालेलं हे धरण भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पसरतं. नावातच सागर आहे, शिवाय जालना शहर त्याचंच पाणी पितं. तेव्हा आपला किनारा हाच, असं मी धरून चालतो.

पाणी ओसरू लागलं की गाळपेरीच्या कडेला छोटा टिलवा उतरतो. वजन साधारण २५ ग्रॅम. जालना सळ्यांचं गाव, इथे वजन सळीतच सांगावं: १० मिलिमीटरची सळी मीटरला ६१७ ग्रॅम भरते, म्हणजे हा पक्षी चार सेंटीमीटरच्या तुकड्याएवढा. भंगारवाला असला तुकडा काट्यावर ठेवायचाही नाही. २०० ग्रॅमच्या एका मोसंबीपुढे आठ टिलवे लागतील.

हा जन्मतो उत्तर सायबेरियात, ७० अक्षांशाच्या आसपास. जालना २० वर. मधले ५० अंश, अंशाला १११ किलोमीटर. म्हणजे नाकासमोर आला तरी साडेपाच हजार. चोचीपासून शेपटीपर्यंत हा जेमतेम १३ सेंटीमीटर, म्हणजे एका खेपेत स्वतःच्या लांबीच्या ४ कोटी २० लाख पट. साडेपाच फुटी माणसाला हाच हिशोब लावा: पृथ्वीला पावणेदोन प्रदक्षिणा. परतीच्या वेगळ्या.

आणि एवढं उडून पोचल्यावर तिकडे जमीन उघडी हवी. जूनमध्ये बर्फ हटला की मादी चार अंडी घालते. चारही मिळून जवळपास तिच्याच वजनाची. बर्फ हटलाच नाही तर? २०१८ मध्ये ईशान्य ग्रीनलंडमध्ये तो इतका रेंगाळला की बहुतेक प्राणी-वनस्पतींची त्या वर्षीची वीण बुडाली. टिलव्याचे भाऊबंद सँडरलिंगही त्यात आले.

मोठे टिलवे आधी निघतात, पिल्लं मागून. वाट दाखवायला आईबाप नाहीत, वय जेमतेम दोन-तीन महिने. पाठीवरच्या पांढऱ्या रेघांच्या ‘व्ही’वरून ती ओळखू येतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात मी दुर्बीण आधी पाठींवर लावतो. ‘व्ही’ पुष्कळ दिसले तर तिकडचा बर्फ वेळेवर हटला असावा, असा माझा अंदाज. दहा-बारा पाठी होतात न होतात तोच थवा उठतो, वळसा घालून पलीकडच्या चिखलात बसतो, आणि मोजणी पुन्हा एकपासून.